लहान मुलांची भूल आणि श्वासाची वाट

मुलावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली, म्हणजे घरातील मंडळींचे सारे लक्ष शस्त्राकडे लागते. टाके किती पडतील, रक्त किती जाईल, जखम केव्हा भरेल, या चिंतेत आईबाप असतात. परंतु ज्या भुलीमुळे मुलाला वेदना कळत नाहीत, त्या भुलीतून ते सुखरूप बाहेर येणे हीही तितकीच महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी विचारीत नाही. युरोपातील ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांनी सुमारे ३१ हजार मुलांच्या भुलीची नोंद ठेवून २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांत सुमारे पाच वेळा काही ना काही गंभीर प्रसंग उद्भवला होता आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रसंग श्वासाचे होते. साधनसंपन्न देशांची ही स्थिती आहे. आपल्याकडे या विषयाची जाण सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होता. राज्ये निराळी झाली, तरी उपचारांसाठी गोंदिया आणि नागपूरकडे जाण्याची वहिवाट पुष्कळांनी सोडली नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली निघाले, जबलपूरचे १९५५ साली आणि गोंदियाचे २०१६ साली. दुभंगलेला ओठ वा टाळू अशा व्याधी असलेल्या मुलांना हुडकून त्यांच्यावर विनामूल्य उपचार करण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यामुळे बैहरच्या पठारावरचे वा लांजी, कटंगीकडचे मूलही आज शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचू शकते. मात्र त्यासाठी बसचे भाडे, बुडालेली मजुरी आणि अनेक दिवसांची प्रतीक्षा ही किंमत कुटुंबाला मोजावी लागते. या किमतीचा श्वासाच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. तो पुढे स्पष्ट होईल.

पूर्ण भुलीत मूल स्वतःचा श्वास राखू शकत नाही. जीभ मागे पडते, घशातील लाळ वा पोटातील अन्न फुफ्फुसात उतरण्याचे भय असते. म्हणून अनेक शस्त्रक्रियांत तोंडातून किंवा नाकातून एक नळी स्वरयंत्रापलीकडे श्वासनलिकेत बसवतात आणि तिच्यातून प्राणवायू व भुलीचा वायू देतात. ही नळी मुलाचा प्राण राखते; परंतु ती ज्या वाटेने जाते ती वाट फार अरुंद आणि नाजूक असते. तान्ह्या मुलाची श्वासाची वाट चार मिलिमीटर रुंद आहे असे समजा. नळीच्या घर्षणाने तिच्या अस्तराला सर्व बाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली, तर दोन मिलिमीटर वाट उरते. वाट अर्धी राहिली, पण हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही. तो निदान सोळापट होतो. आठ मिलिमीटर रुंदीच्या वाटेत तेवढीच सूज आली तर थोडीशी घरघर होऊन निभावून जाते. शिवाय वजनाच्या मानाने बालकाला प्राणवायू मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतो आणि शरीरातील त्याचा साठा मात्र थोडा असतो. बालकाच्या बाबतीत धोका का वाढतो, याचे कारण या हिशेबात आहे.

नळीचा उपयोग आणि उपद्रव ही दोन्ही वैद्यकाला जुनीच परिचयाची आहेत. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८८० नंतरच्या काळात, न्यूयॉर्कचे डॉक्टर जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांच्या घशात नळी बसवून अनेकांचे प्राण वाचवले. नळीच्या दाबाने व्रण पडतात हा अनुभवही त्या काळीच आला. १९३७ साली इंग्लंडमधील फिलिप एअर यांनी दुभंगलेल्या ओठाच्या व टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी एक साधी टी आकाराची नळी योजली. तिच्यात झडपा नसल्यामुळे अशक्त बालकाला श्वास घेण्याचे कष्ट कमी पडत. पुढे लाल रबराच्या नळ्या जाऊन मऊ प्लॅस्टिकच्या, अस्तराला न झोंबणाऱ्या नळ्या आल्या.

नळीच्या मापाविषयी मात्र दीर्घकाळ वाद होता. मोठ्यांच्या नळीला टोकाजवळ एक लहान फुगा असतो. तो फुगवला की नळीभोवतीची फट बुजते. मुलांना असा फुगा लावू नये, कारण त्याच्या दाबाने सूज येते, असा दंडक अनेक दशके पाळला गेला. परंतु फुग्याविना नळी नेमकी बसवावयाची तर एक काढून दुसरी घालावी लागे, आणि प्रत्येक वेळी घशाला नवी इजा होई. युरोपातील २४ केंद्रांनी पाच वर्षांपर्यंतच्या २,२४६ मुलांची तुलना करून २००९ साली या वादावर प्रकाश टाकला. फुग्याच्या नव्या नळ्या वापरल्या तेव्हा शंभरांत सुमारे दोनच मुलांची नळी बदलावी लागली. बिनफुग्याच्या नळ्यांत हे प्रमाण सुमारे एकतीस होते. नळी काढल्यावर कर्कश श्वासाचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच, शंभरांत साडेचार ते पावणेपाच मुलांना झाला. यामुळे आता योग्य मापाची, मुलांसाठीच घडवलेली फुग्याची नळी पुष्कळ ठिकाणी पसंत केली जाते.

या पसंतीला एक अट आहे. फुग्यातील दाब पाण्याच्या वीस सेंटिमीटरहून अधिक होऊ देऊ नये. अस्तराला रक्त पोहोचवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या त्याहून अधिक दाबाने चेपू लागतात. बोटांनी फुगा दाबून हा अंदाज येत नाही. त्यासाठी दाबमापक लागतो. नायट्रस ऑक्साइड वायू वापरला तर तो हळूहळू फुग्यात शिरून दाब वाढवतो, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना पुन्हा पुन्हा मोजणे भाग असते. प्रचंड यंत्रसामग्रीच्या मानाने हे उपकरण लहानसे आहे. तालुक्याच्या रुग्णालयातही ते ठेवता येण्याजोगे आहे. नळी एका प्रयत्नात बसली नाही, तर प्रयत्न मोजके ठेवावेत आणि प्राणवायू अखंड चालू ठेवावा, असा दंडक भारतातील श्वासमार्गतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शनात घालून दिला आहे. जेथे नळीची आवश्यकता नाही, तेथे स्वरयंत्राच्या वर बसणारा मऊ मुखवटा वापरून तिची इजा टाळता येते. डॉक्टर आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली लंडनमध्ये तो प्रथम योजला.

नळी काढण्याचा क्षण हा सर्वांत अवघड. मूल अर्धवट जागे असताना घशात लाळेचा थेंब पडला, तरी स्वरतंतू एकाएकी घट्ट मिटतात आणि हवा आत जाईनाशी होते. म्हणून आधी घसा स्वच्छ करावा, आणि मूल पूर्ण जागे झाल्यावर किंवा गाढ भुलीत असतानाच नळी काढावी. मधली अवस्था टाळावी. स्वरतंतू मिटलेच, तर तोंडावर मुखवटा धरून दाबाने प्राणवायू देणे आणि गरज पडल्यास स्नायू सैल करणारे औषध देणे, हे उपाय तत्काळ करावे लागतात. सुजेमुळे कर्कश आवाज आला, तर ॲड्रिनलिनची वाफ आणि डेक्सामेथासोन उपयोगी पडतात. ही तयारी खोलीत असली पाहिजे. धावत जाऊन आणण्यास वेळ नसतो.

आता कुटुंबाच्या वाट्याचा भाग. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे सुमारे ९,३०० मुलांची पाहणी करून २०१० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भुलीच्या वेळी सर्दी असणे वा मागील दोन आठवड्यांत ती होऊन गेलेली असणे, छातीत सूं सूं आवाज होत असणे आणि घरात धूम्रपान चालणे, यांनी श्वासाचे अपघात स्पष्टपणे वाढतात. सर्दी झालेल्या मुलाची श्वासनलिका चिडलेली असते. नळीचा स्पर्श तिला सोसत नाही. आणि येथेच पूर्वी सांगितलेली किंमत आडवी येते. कितीतरी दिवसांनी तारीख मिळालेली असते, उसने पैसे घेऊन प्रवास केलेला असतो. सर्दी आहे म्हटले तर डॉक्टर परत पाठवतील, या भीतीने आई मुलाचे नाक पुसून म्हणते, "काही नाही, बरा आहे." तिच्या या उत्तराला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, ते गरिबीचे उत्तर आहे. खरे सांगणाऱ्या आईला पुढली तारीख तेथेच आणि जवळची मिळेल, अशी व्यवस्था रुग्णालयाने केली तर खोटे बोलण्याचे कारणच उरणार नाही. साधे पाण्यासारखे नाक वाहत असेल तर अनुभवी भूलतज्ज्ञ कित्येकदा शस्त्रक्रिया करतातही. ताप, दाट शेंबूड, ओला खोकला असेल तर मात्र थांबणेच हिताचे. प्रश्नही गोंडी वा पोवारी बोलणाऱ्या आईला समजेल अशा शब्दांत विचारला गेला पाहिजे.

धुराचा मुद्दा या भागात विशेष लागू पडतो. बालाघाट व गोंदियाची जंगले तेंदूपानांची आणि विडीचा धंदा येथला जुना. ज्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्याच्या घरात निदान काही आठवडे तरी आत बसून कोणी विडी ओढू नये, आणि त्याला चुलीच्या धुरापासूनही दूर ठेवावे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. मध्य प्रदेशातच, शहडोल येथे, १ जुलै २०२३ रोजी या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. हा रोग असलेल्या मुलाला क्षणभर प्राणवायू कमी पडला, तरी रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन वाहिन्या तुंबू शकतात. म्हणून भुलीपूर्वी ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद सोबत न्यावा. अशा मुलाला फार वेळ तहानलेले ठेवणेही अपायकारक असते. उपाशीपोटाचा सर्वसाधारण नियम असा: अन्न व वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, स्वच्छ पाणी दोन तास आधी. रुग्णालयाने निराळे सांगितले असेल तर तेच पाळावे. आणि मुलाने चुकून काही खाल्ले असेल तर ते लपवू नये.

शस्त्रक्रियेनंतर आवाज थोडा बसणे, घसा दुखणे हे एकदोन दिवसांत बहुधा ओसरते. परंतु श्वास घेताना कर्कश आवाज येणे, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणे, ओठ काळेनिळे पडणे किंवा मूल अतिशय अस्वस्थ होणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट न पाहता तत्क्षणी परिचारिकेला हाक मारावी. घरी पोहोचल्यावर असे झाले तर जवळचे रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

भूलतज्ज्ञाचे कौशल्य, योग्य मापाची नळी, दाबमापक आणि नळी काढतानाची सावधगिरी ही या कामाची एक बाजू. मुलाच्या प्रकृतीची खरी हकिकत ही दुसरी. पहिली बाजू सांभाळणे हे शासनाचे आणि वैद्यांचे कर्तव्य आहे. दुसरी बाजू आईबापांच्या हाती आहे, आणि ती त्यांना निर्भयपणे पार पाडता यावी एवढा विश्वास त्यांना रुग्णालयाच्या दारात मिळाला पाहिजे.