जमावाच्या हाती न्याय नको
(परभणी जिल्ह्यातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी घेतला. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ही निरपराध माणसे होती. ज्या खोलीत त्यांना कोंडून मारले, ती ग्रामपंचायत कार्यालयाची होती. आपला जिल्हाही यापासून मुक्त नाही. मे २०२३ मध्ये उखळद येथे चोरीच्या संशयावरून शीख शिकलकरी समाजाच्या तीन मुलांना मारहाण झाली. त्यांतील चौदा वर्षांचा मुलगा प्राणास मुकला.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, असा आदेश दिला आणि संसदेने स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा, अशी शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम १०३ (२) नुसार पाच वा अधिक व्यक्तींनी संगनमताने वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केल्यास गटातील प्रत्येकास मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. अशाच कारणावरून जबर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चोरीचा संशय वा अफवा यांचा या कलमात स्पष्ट उल्लेख नाही. म्हणून अशा प्रकरणी ‘तत्सम कारण’ या शब्दांचा अर्थ न्यायालयात ठरेल. परंतु त्यामुळे कोणी सुटत नाही; खुनाचे सर्वसाधारण कलम व बेकायदेशीर जमावाचे कलम आहेच. ‘मी केवळ गर्दीत होतो’ ही सबब नेहमीच चालेल, असे कोणी समजू नये.

सामान्य नागरिकाचा दुसऱ्यास पकडण्याचा अधिकारही मर्यादित आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा ती व्यक्ती उद्घोषित अपराधी असली, तरच तिला पकडता येते. आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. मारण्याचा अधिकार कोणालाच नाही.

कायदा घटनेनंतर येतो; गावात आधी उपस्थित असता ते आपण. अनोळखी माणूस दिसताच पोलीस पाटलांना कळवा, ११२ क्रमांकावर दूरध्वनी करा, ग्रामसभेत अफवेचे निराकरण करा. शिक्षकांनी हा विषय वर्गात मांडावा. ग्रामपंचायतीचे दार संकटात सापडलेल्या परक्या माणसाला आश्रयाचे वाटले पाहिजे. राईनपाड्याने आपल्याला दिलेला धडा हाच आहे.