८८९ मतें



जोतीरावांनी १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें, हें आपण जाणतां. त्या मुक्त झालेल्या लोकांच्या मताचें पुढें काय झालें, तें आज आम्ही आपणांपुढें मांडणार आहों. दाखला एकाच राज्याचा घेतों, साउथ कॅरोलायनाचा.

या राज्यांत १८६० पर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत सामान्य गोऱ्या माणसालाहि मत नव्हतें. राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधि कायदेमंडळच नेमीत असे. १८६८ सालीं नवी राज्यघटना झाली. ती करणाऱ्या सभेंत काळे सभासद बहुसंख्य होते. त्याच सालीं तेथील रयतेनें राष्ट्राध्यक्षासाठीं पहिल्यानें स्वतः मत दिलें. कालचा गुलाम कालच्या धन्याबरोबर मतपेटीपाशीं उभा राहिला. धन्यांस हें कसें खपावें?

१८७६ सालीं रिपब्लिकन पक्षाचे हेज व डेमोक्रॅटिक पक्षाचे टिल्डन उभे होते. जुलैंत हॅम्बर्ग गांवीं काळ्या शिपायांवर गोऱ्यांच्या जमावानें हल्ला केला आणि पकडलेल्यांपैकीं कित्येकांस ठार मारलें. लाल सदरे घातलेल्या हत्यारबंद टोळ्या सभांतून दहशत घालीत फिरल्या. एजफील्ड परगण्यांत तर मतदारांहून मतेंच अधिक निघालीं! तरीहि काळे लोक जिवावर उदार होऊन मतास गेले. अखेर हेज यांस ९१,७८६ व टिल्डन यांस ९०,८९७ मतें धरलीं गेलीं. फरक अवघा ८८९ चा.

राज्याचीं ७ प्रतिनिधि-मतें वादांत सांपडलीं. पंधरा जणांच्या आयोगानें ८ विरुद्ध ७ अशा मतांनीं तीं हेज यांस दिलीं. मार्च १८७७ मध्यें हेज १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आले. या सातांतलें एक मत फिरतें, तरी हेज राष्ट्राध्यक्ष होते ना.

आणि या लोकांस बक्षीस काय मिळालें? एप्रिलांतच हेज यांनी राज्याच्या कचेरीवरील केंद्राचें सैन्य काढून घेतलें. कारभार जुन्या धन्यांच्या पक्षाकडे गेला. १८८२ सालीं कायदा झाला कीं, प्रत्येक अधिकारपदासाठीं निराळी पेटी. चुकीच्या पेटींत पडलेलें मत बाद. ज्यास पेटीवरचें नांव वाचतां येईना, त्याचें मत फुकट गेलें. पूर्वी गुलामांस शिकवणें हाच तेथें गुन्हा होता; आतां तेंच अज्ञान त्यांच्या गळ्याचा फांस झालें. १८९५ च्या घटनेनें मतासाठीं कर लावला आणि घटनेचें कलम वाचण्याची किंवा उलगडून सांगण्याची अट घातली. उलगडा पटला कीं नाहीं, हें ठरविणार अंमलदार! खरें संरक्षण मिळायला १९६५ चा मतदानहक्काचा कायदा यावा लागला.

बंधूंनो, त्यांचें मत मोजलें गेलें, पण मत देणारा वाऱ्यावर सोडला गेला. म्हणून आम्ही सांगतों, मत मागणाऱ्यास निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसाबद्दल विचारा. आणि घरांतील मुलामुलींस, सुनांस अक्षर शिकवा. ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्या मताची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला राहते.