साखर कारखाना आणि व्यवस्थापनाचे विचार

संघटना कशी चालवावी याचे शास्त्र पोलादाच्या कारखान्यांत आकाराला आले. अमेरिकेतील अभियंता फ्रेडरिक टेलर याने हातात घड्याळ घेऊन कामगाराची एकेक हालचाल मोजली आणि 1911 साली वैज्ञानिक व्यवस्थापनाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. डोके साहेबाचे, हात मजुराचे, अशी त्यातली वाटणी होती. 1916 मध्ये फ्रान्सच्या हेन्री फेयॉलने व्यवस्थापकाच्या स्वतःच्या कामाचा विचार केला. त्याच सुमारास जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर नियम, पदे आणि लेखी नोंद यांवर उभ्या असलेल्या नोकरशाहीचे विश्लेषण करत होता.

नवा सिद्धांत आला की जुना मोडीत निघतो, असे पाठ्यपुस्तके वाचून वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातला कोणताही सहकारी साखर कारखाना पाहिला की तसे वाटत नाही. हरेगाव, टिळकनगर येथे खासगी कंपन्यांचे कारखाने आधीपासून होते. लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी परिसरातल्या शेतकऱ्यांनाच भागधारक करून सहकारी कारखाना उभारला. प्रवरेच्या या कारखान्याची नोंदणी 1948 ची, पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते.

अशा कारखान्यात वेबर भेटतो तो शेतकी विभागात. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र आणि गट यांची नोंद होते. त्या क्रमाने तोडणीचा प्रोग्राम लागतो. नोकरशाहीला शिव्या घालणे सोपे आहे, पण एकरभर उसाच्या धन्याला हीच वही आधार देते. तारखेचा क्रम पाळला गेला, तर वजनदार बागायतदाराच्या फडाआधीही त्याच्या फडात टोळी उतरते. क्रम मोडला, की ऊस वाळतो, वजन घटते आणि पुढारी शोधावा लागतो.

1924 ते 1932 या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. कामगार केवळ मजुरीसाठी राबत नाही, सोबत्यांचा गट आणि आपल्याकडे कोणीतरी लक्ष देते आहे ही जाणीवही त्याला हलवते, असा अर्थ एल्टन मेयोने त्यांतून काढला. पुढे त्या निष्कर्षांवर बरीच टीका झाली, तरी मानवी संबंधांचा विचार रुजला. साखर कारखान्याच्या आवारात त्याच्या खुणा कामगार वसाहत, शाळा, दवाखाना यांत दिसतात. फडात मात्र तो फारसा पोचलेला नाही. पाथर्डी किंवा बीडकडून आलेले तोडणी मजूर मुकादमाकडून उचल घेऊन येतात, मजुरी टनावर मिळते आणि नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरली जाते. टेलरलाही मोबदला कामाच्या मापाने द्यायचा होता. पण घड्याळ लावण्याआधी अवजार आणि पद्धत सुधारण्याची जबाबदारी त्याने व्यवस्थापनावर टाकली होती. फडात तेवढा भाग गळाला.

सगळ्या संघटनांना लागू पडेल अशी एकच रचना नसते, हा विचार 1960 च्या दशकात पुढे आला. पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श यांनी 1967 मध्ये दाखवले, की खाती जितकी वेगळ्या वळणाची, तितके त्यांना जोडणारे काम अवघड. चीफ इंजिनिअरला मिल बंद पडायला नको असते, चीफ केमिस्टचे लक्ष साखर उताऱ्यावर असते, शेतकी अधिकाऱ्याला पाऊस आणि रस्ते सांभाळून गव्हाणीत ऊस पुरवायचा असतो. तोडलेला ऊस जितका रखडेल तितका उतारा घसरतो, त्यामुळे एकाची अडचण काही तासांतच दुसऱ्याच्या दारात जाते. त्यांचा मेळ घालण्याचे काम कार्यकारी संचालकाचे.

त्याच्या डोक्यावर निवडून आलेले संचालक मंडळ असते, आणि इथे परदेशी सिद्धांत अपुरे पडतात. 1976 मध्ये मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी मालक आणि व्यवस्थापक यांच्या हितसंबंधांतली ओढाताण मांडली. त्यांच्या मालकाला नफा हवा असतो. सहकारी कारखान्याचा सभासद मालक आहे, मतदार आहे आणि कच्चा माल पुरवणाराही आहे. उसाला चढा भाव मिळाला तर त्याचे घर चालते, पण कारखान्याची गंगाजळी आटते. रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते आणि ती रक्कम ऊस घातल्यापासून 14 दिवसांत देणे बंधनकारक आहे. साखर मात्र वर्षभर विकली जाते. मधले अंतर भरून काढायला पोती बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलावे लागते. साखरेचा बाजारभाव पडला की तारणाचे मूल्यांकन उतरते, उचल कमी होते आणि उसाची बिले थकतात.