गुडघे न टेकता

मराठी भाषेने गुडघ्याला दोन वाक्प्रचारांत कायमचे बसवून ठेवले आहे. शरण जाणारा माणूस गुडघे टेकतो, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. एकात हार आहे, दुसऱ्यात घाई आहे. ज्याचा झिजलेला सांधा काढून शल्यवैद्याने तेथे धातूचा सांधा बसवला आहे, त्या रुग्णाची पुढील काही महिने या दोन्ही वाक्प्रचारांशी गाठ पडते. पहिल्या आठवड्यात तो घाई करतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हार मानू लागतो. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, क्ष-किरणांच्या चित्रात सांधा नेमका बसलेला दिसतो, टाके सुकलेले असतात; आणि तरीही पहाटे तीन वाजता तो जागा असतो व मनाशी म्हणत असतो की, हे सारे कशासाठी करून घेतले?

या शस्त्रक्रियेचे नाव भारतातील सामान्य घरांपर्यंत पोचवणारे एक उदाहरण लखनौच्या लोकप्रतिनिधीचे आहे. अटलबिहारी वाजपेयी १९९१ पासून २००९ पर्यंत लोकसभेत लखनौचे प्रतिनिधी होते. पंतप्रधानपदावर असताना, १० ऑक्टोबर २००० रोजी, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा त्यांना शहात्तरावे वर्ष चालू होते. शस्त्रक्रिया करण्यासाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. राणावत मूळचे मध्य प्रदेशचे, वैद्यकीय शिक्षण इंदूरचे. सत्तरीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल व पीटर वॉकर यांच्यासमवेत ज्यांनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना घडवला, त्यांपैकी ते एक. लखनौचा खासदार, मुंबईचे रुग्णालय आणि माळव्यात शिकलेला शल्यवैद्य असा हा योग होता. वृत्तपत्रांत रोज बातम्या आल्या, आणि ज्या घरांत आजीचे गुडघे ही वार्धक्याची अटळ खूण मानली जात होती, तेथेही उपायाची चर्चा सुरू झाली.

हा उपाय नसता तर काय होते, हे लखनौशीच जोडलेल्या दुसऱ्या एका नावावरून ध्यानात येते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज ही संगीतशिक्षणाची संस्था उभी केली. आज त्या जागी त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. हिंदुस्थानभर पायपीट करून ज्यांनी गाणाऱ्यांच्या कंठांतील विद्या कागदावर उतरवली, त्या भातखंड्यांना १९३३ साली पक्षाघात झाला व मांडीचे हाड मोडले. सप्टेंबर १९३६ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे दुखणे गुडघ्याचे नव्हते. पण त्या काळी पायातले बळ गेले, की माणसाने खाटेशी जुळवून घ्यावे, यापलीकडे शल्यशास्त्रापाशी फारसे उत्तर नव्हते. आज गुडघा बदललेल्या माणसाला बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. प्रगती एवढी मोठी आहे. पण या झपाट्यामुळेच एक गैरसमज जन्माला येतो. पाय उभा राहिला म्हणजे माणूसही उभा राहिला, असे सर्वांना वाटू लागते.

वस्तुतः शस्त्रक्रियेत काय होते? मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून काढतात. त्यांच्यावर धातूची टोपणे बसवतात व दोहोंच्या मध्ये टिकाऊ प्लॅस्टिकची चकती ठेवतात. नवा सांधा लावल्या दिवसापासून पक्का असतो. परंतु त्याच्या भोवतीचे शरीर जुनेच असते. कातडी, स्नायू, सांध्याचे वेष्टन, बारीक नसा यांना जखम झालेली असते. शिवाय वर्षानुवर्षे दुखऱ्या पायाला जपून चालल्याने मांडीचा पुढचा मोठा स्नायू आधीच क्षीण झालेला असतो. म्हणून सूज कित्येक महिने राहते, गुडघा हाताला गरम लागतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला थोडी जागा बधिर होते, चालताना आतून टकटक असा आवाजही येतो. यांतील बहुतेक गोष्टी अपेक्षितच आहेत. पण त्या आधी कोणी सांगितल्या नसतील, तर रुग्णाला प्रत्येक गोष्ट अपयशाची खूण वाटते. सहा आठवड्यांत बरेचसे सुसह्य होते, तीन महिन्यांत माणूस घरच्या कामांत रमतो, आणि पुरती सुधारणा व्हायला वर्षही लागते. वेदनेचे हे पंचांग ज्याला ठाऊक आहे, त्याची निम्मी भीती ओसरते.

उरलेली निम्मी भीती मनाची. शस्त्रक्रियेनंतरच्या उदासीनतेची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. रात्री कुशीवर वळता येत नाही, म्हणून झोप मोडते. तीव्र वेदनाशामक औषधांनी डोके जड राहते, भूक मंदावते, पोट साफ होत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे सारे घर चालवले, तिला न्हाणीघरात जाण्यासाठी सुनेचा हात धरावा लागतो. पहिल्या आठवड्यात फळे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. तिसऱ्या आठवड्यात कोणी येत नाही, आणि नेमके तेव्हाच दुखणे कंटाळवाणे झालेले असते. त्यात कोणीतरी सांगतो की, आमच्या मावशी तर पंधराव्या दिवशी जिना चढल्या. त्या अदृश्य मावशी रुग्णाच्या उशाशी येऊन बसतात आणि हलत नाहीत.

याहून खोल असे एक दुःख आहे. ते बसण्याचे. लखनौच्या जुन्या तहजीबीत दोजानू बसण्याला मान होता. दोन्ही गुडघे मिटून, पाठ ताठ ठेवून, वडीलधाऱ्यांसमोर अदबीने बसणे म्हणजे दोजानू. ‘जानू’ म्हणजे गुडघाच. नमाजाच्या चटईवर, मैफलीच्या बिछायतीवर, उस्तादासमोर माणूस असाच बसे. महाराष्ट्रात पाटावरची पंगत, देवापुढची मांडी, हळदीकुंकवाची सतरंजी यांचे नाते त्याच गुडघ्याशी आहे. नव्या सांध्याने चालता येते, जिना चढता येतो, खुर्चीवरून उठता येते. जमिनीवर मांडी घालणे वा उकिडवे बसणे मात्र बहुधा वर्ज्य ठरते. शल्यवैद्याच्या दृष्टीने हा लहानसा निर्बंध आहे. पण जिची पूजा पन्नास वर्षे पाटावर बसून झाली, तिला खुर्चीवरून देवाला हात जोडताना डोळ्यांत पाणी आले, तर तो दुबळेपणा नव्हे. तिने एक ओळखीची जागा गमावली आहे. त्या दुःखाला घरच्यांनी हसू नये. देव्हारा थोडा उंचावर घ्यावा, म्हणजे बोलण्याहून अधिक समजूत पटते.

वेदना शरीराची आणि खंत मनाची, अशी वाटणी करून चालत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतील एका दारातून जातो. ते दार कधी अधिक उघडते, कधी लोटले जाते, आणि वरून मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचाही त्यावर अंमल चालतो. या कल्पनेत पुढे पुष्कळ भर पडली, दुरुस्त्याही झाल्या. पण भय, निद्रानाश व निराशा यांनी तीच वेदना तीव्र होते, हा तिचा गाभा टिकला. म्हणून उदास रुग्णाला ‘दुखणे तुमच्या मनात आहे’ असे म्हणणे चूक आहे. दुखणे गुडघ्यातच असते. उदासीनता फक्त ते दार उघडे धरून ठेवते. आणि म्हणूनच मनाचा इलाज हा गुडघ्याच्या इलाजाचाच भाग होय.

मग या दिवसांत करावे काय? लखनौ हे कथकचे घर. तेथे शिष्याला पहिल्याच दिवशी द्रुत लयीत कोणी नाचवत नाही. संथ लयीत पाय पक्का होतो, मग दुगुण, मग चौगुण. गुडघ्याचा व्यायामही असाच रियाज आहे. घोटा वरखाली करणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा दुमडणे, पाय सरळ ठेवून उचलणे, हे चार साधे पलटे. ते थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा घोटायचे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे व्यायामाच्या थोडे आधी घेतली, तर व्यायाम साधतो. गोळी न घेता सोसत राहणे यात पराक्रम नाही. न सोसवल्यामुळे व्यायाम चुकला, तर गुडघा आखडतो. झोपताना गुडघ्याखाली उशी घेण्याचा मोह होतो, तोही टाळावा. त्याने बरे वाटते, पण पाय वाकलेलाच राहू पाहतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यावी. व्यायामानंतर दुखले आणि दोन-चार तासांत शमले, तर काम योग्य झाले. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर गुडघ्याला बाशिंग बांधले गेले, असे समजावे.

प्रगती रोज मोजू नये, आठवड्याने मोजावी. गेल्या रविवारी दारापर्यंत, या रविवारी अंगणापर्यंत, एवढी नोंद वहीत असली म्हणजे पहाटे तीनच्या निराशेला उत्तर देणारा एक साक्षीदार मिळतो. मनालाही काही काम हवे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे अडीच महिन्यांनी, डिसेंबर २००० च्या अखेरीस, वाजपेयी केरळात कुमारकोम येथे विश्रांतीला गेले. तेथील सरोवराच्या काठी बसून त्यांनी देशापुढील प्रश्नांवर लेख लिहिले. प्रत्येकाने लेख लिहावे असे नाही. कोणी नातवाचा अभ्यास घ्यावा, कोणी शेंगा सोलाव्या, कोणी रोज एका जुन्या स्नेह्याला फोन करावा. बसल्या जागी आपला कोणाला तरी उपयोग आहे, ही जाणीव मनाला उभारी देते.

घरच्यांचे कर्तव्य थोडे नाजूक आहे. सर्व काही हातात आणून देणे ही माया खरी, पण ती पायाला परावलंबी करते. आणि उठता-बसता ‘चाला, चाला’ असा धोशा लावणे हीसुद्धा माया नव्हे. पाणी दोन पावलांवर ठेवावे आणि आपण जवळ उभे राहावे. ‘आज किती वाकला?’ याऐवजी एखादे दिवशी ‘रात्री झोप लागली का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने परीक्षा होते, दुसऱ्याने विचारपूस होते.

मात्र काही बाबतींत धीर धरणे हीच चूक ठरते. पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखले, ताप भरला किंवा जखमेतून स्राव आला, तर क्षणभरही वाट पाहू नये. मनाचेही तसेच. दोन आठवडे सतत मन खिन्न राहिले, कशातच गोडी वाटेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्यदिनी, भारत सरकारने १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य सेवा सुरू केली. तेथे मन मोकळे करता येते. आणि निरनिराळ्या देशांतील पाहण्या सांगतात की, सुमारे पाचांतील एक रुग्ण पुढेही पुरता समाधानी नसतो. ज्याचे दुखणे महिनोन्महिने हटत नाही, त्याला आळशी वा भित्रा म्हणू नये. त्याची पुन्हा नीट तपासणी व्हावी, एवढा त्याचा हक्क आहे.

वाजपेयींच्या उदाहरणातील सर्वांत बोलकी गोष्ट पहिली शस्त्रक्रिया नव्हे, दुसरी होय. पहिल्या खेपेस माणूस आशेवर जातो, दुसऱ्या खेपेस अनुभवावर. डाव्या गुडघ्याने काय काय मागितले, हे आठ महिने सोसून झाल्यावर जून २००१ मध्ये ते त्याच रुग्णालयात, त्याच शल्यवैद्याकडे उजव्या गुडघ्यासाठी दाखल झाले. सहा आठवडेही पुरे झाले नव्हते, तोच जुलैच्या मध्यास आग्र्याला पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांशी त्यांच्या वाटाघाटी झाल्या. सामान्य रुग्णाने ही तारीख आपल्या भिंतीवर टांगू नये. पंतप्रधानांच्या दिमतीला जे मनुष्यबळ असते, ते कोणाच्या घरी नसते, आणि ही तुलनाही अखेर त्या अदृश्य मावशींसारखीच ठरेल. घ्यायचे ते एवढेच की, जो रस्ता कसा आहे हे पुरते ठाऊक झाले आहे, त्याच रस्त्यावर माणूस पुन्हा पाऊल ठेवू शकतो.

जमिनीवर गुडघे टेकण्याची मुभा नव्या सांध्याने बहुधा काढून घेतलेली असते. मनानेही ते टेकू नयेत. आज दारापर्यंत, पुढच्या रविवारी अंगणापर्यंत, ही लय संथ असली तरी पुढे नेणारी आहे.