मागे वळून पाहणारी विजेती



अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हॉपकिंटन नावाचे एक लहान गाव आहे. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी तेथून हजारो माणसे धावत निघतात आणि ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर तोडून बोस्टन शहरात पोहोचतात, असा तेथील प्रघात आहे. १८९७ साली सुरू झालेली ही बोस्टन मॅरेथॉन वार्षिक मॅरेथॉन शर्यतींत सर्वांत जुनी मानली जाते. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण या शर्यतीने माझ्यासारख्या शिक्षकाचा एक जुना समज मोडून काढला.

नुसता नकाशा पाहणाऱ्याला हा रस्ता सोपा वाटेल. प्रारंभाच्या जागेपेक्षा शेवटची जागा सुमारे १४० मीटर खाली आहे. म्हणजे एकंदरीत उतारच. पण हा उतार केसाने गळा कापणाऱ्या मित्रासारखा आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांड्यांच्या स्नायूंना शरीराचा भार सावरून धरावा लागतो आणि त्यांना नकळत बारीक इजा होत जाते. ती जाणवते २६ व्या किलोमीटरच्या सुमारास, न्यूटन शहराच्या हद्दीत एकामागून एक चार चढ लागतात तेव्हा. शेवटचा चढ ३२ किलोमीटर ओलांडल्यावर येतो. त्याची उंची जेमतेम २७ मीटर. आपल्या घाटातील गुराखी त्याला टेकडीही म्हणणार नाही. परंतु स्नायूंत साठविलेली साखर नेमकी याच वेळी संपत आलेली असते. या चढाचे नाव 'हार्टब्रेक हिल', म्हणजे काळीज विदीर्ण करणारी टेकडी.

या नावाची कथा १९३६ सालची आहे. आदल्या वर्षीचा विजेता जॉन केली याने मागून येऊन न्यूटनच्या चढांवर एलिसन ब्राउन याला गाठले आणि पुढे जाताना त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. त्या थापेने ब्राउन जणू जागा झाला. तो उसळून पुढे गेला आणि शर्यत जिंकला. केली पाचवा आला. बोस्टनच्या एका वृत्तपत्राचे क्रीडालेखक जेरी नेसन यांनी केलीच्या त्या दुःखावरून टेकडीला हे नाव दिले. मात्र केली खचला नाही. १९४५ साली तो पुन्हा जिंकला आणि १९९२ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्याच रस्त्यावर अखेरचा धावला.

आता १६ एप्रिल २०१८ चा दिवस पाहा. हवेचे तापमान तीन-चार अंशांच्या घरात, आकाशातून मुसळधार पाऊस आणि समोरून जोराचा वारा. धावणाऱ्याचे शरीर स्वतःच ऊब निर्माण करते. पण अंगावरचे ओले कपडे आणि वारा ती ऊब ओढून नेतात. जोवर वेग आहे तोवर निभावते. चढावर वेग मंदावला की आतील शेगडी विझू लागते, बोटे बधिर होतात आणि अंग थरथरू लागते. त्या दिवशी अनेक नामांकित धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नव्हते. अशा थंडीत हट्ट जिवावर बेतू शकतो.

डेझिरे लिंडन हिच्याही मनात शर्यत सोडण्याचा विचार आला होता. २०११ साली याच शर्यतीत अवघ्या दोन सेकंदांनी तिचे पहिले स्थान हुकले होते. या वेळी अंग साथ देईना, तेव्हा तिने आपली देशभगिनी शॅलेन फ्लॅनागन हिला सांगितले, की मी बहुधा थांबणार आहे, तत्पूर्वी तुला काही साहाय्य हवे असल्यास सांग. पुढे फ्लॅनागनला प्रसाधनगृहात जावे लागले. लिंडन तिच्यासाठी मागे रेंगाळली आणि वारा अंगावर घेत तिला पुन्हा आघाडीच्या घोळक्यापर्यंत घेऊन आली. या धडपडीत तिचे स्वतःचे पाय मोकळे झाले. लिंडन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिली आली. १९८५ नंतर तेथे जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री.

पुरुषांत जपानचा युकी कावाउची जिंकला. तो तेव्हा सैतामा प्रांतातील एका सरकारी शाळेच्या कचेरीत नोकरी करीत होता. शाळेच्या कचेरीतला माणूस जगज्जेत्यांना मागे टाकतो, याचा मला शिक्षक म्हणून विशेष आनंद वाटला.

पण मनात रुतून बसली ती लिंडनच. संत पौलाने आपल्या पत्रांत धावण्याच्या शर्यतीचा दृष्टांत घेतला आहे. तो शिकविताना मी मुलांना नेहमी बजावीत असे, की धावणाऱ्याने मागे पाहू नये. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात एक मुलगा सर्वांच्या पुढे होता. मागे कोणी पडल्याचा आवाज ऐकून तो वळला, सोबत्याला हात देऊन त्याने उठविले आणि चौथा आला. मी सर्वांदेखत त्याला म्हणालो, "तुला जिंकावयाचे होते, की दुसऱ्याला उचलावयाचे होते?" तो खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर त्याने कधी शर्यतीत नाव दिले नाही.

मागे वळून पाहणारा दर वेळी जिंकेलच, असे मी म्हणत नाही. केलीची ती थाप त्याला महाग पडली, आणि माझा विद्यार्थीही चौथाच आला. परंतु चौथा येणे ही त्याची चूक नव्हती. मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तो मुलगा आता मोठा झाला असेल. हे भाषण त्याच्या कानी पडले, तर आपल्या शिक्षकाने उशिरा का होईना क्षमा मागितली, एवढे त्याला कळावे.