भाभीची रजा कुणाच्या खात्यात?

आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण घरी बसून कपड्यांना टिकल्या लावणारी आपली भाभी बाळंत झाली की तिची मजुरी थांबते. मोठ्या कंपनीतल्या बाईला 26 आठवडे पगारी रजा असते. भाभीला रजा कोण देणार?

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिच्यासारख्या प्रत्येक गरोदर बाईला किमान 6,000 रुपये कबूल केले. मातृवंदना योजना मात्र पहिल्या बाळाच्या वेळी 5,000 देते. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच 6,000. मुलगा झाला म्हणून आईचं दूध-औषध फुकट येतं का?

हा सवाल आपण विचारत राहू. तोवर मोहल्ल्यातल्या गरोदर बाईसोबत अंगणवाडीत जा, आधार आणि बँक खात्याची कागदं जुळवा, अर्ज भरून द्या.