गेटाबाहेरचं सिल्वासा

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात संध्याकाळच्या आरतीनंतर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, सरकारी नोकरीतला माणूस. माझी नोकरी महाराष्ट्र सरकारची, तलासरीला. सौ. इथल्या शाळेत शिकवते, म्हणून बिऱ्हाड सिल्वासात. सकाळी निघतो तो नरोलीवरून भिलाडला, म्हणजे गुजरातेत, आणि तिथून हायवेने महाराष्ट्रात. संध्याकाळी उलटा प्रवास. सकाळचा डबा एका राज्यात भरायचा, दुसऱ्यातून न्यायचा आणि तिसऱ्यात उघडायचा, असं चाललं आहे.

समितीने विषय दिला, ‘आपलं सिल्वासा’. मला वाटलं, सोपं आहे. इतकी वर्षं राहतोय. पण लिहायला बसलो आणि ‘आपलं’ या शब्दावरच अडलो. त्याचं कारण सांगतो. त्यात माझी थोडी फजिती आहे, पण घरच्या माणसांपुढे लपवायचं काय?

आई गेल्यावर वडिलांना, अण्णांना, मी इकडे घेऊन आलो. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, पेठच्या बाजूला. अण्णांना तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. श्रावणातल्या एका संध्याकाळी ते सोसायटीतून बाहेर पडले आणि परत आलेच नाहीत. मंडळाच्या मुलांना फोन केले. दहा मोटरसायकली निघाल्या. यातले बरेच जण आज इथे बसले आहेत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आपण शोधलं कुठे? झंडा चौक, किलवणी नाका, बाजार, बाग, देवळं. एक जण तर वापी स्टेशनला जाऊन आला. म्हणजे आपल्याला माहीत असलेलं सगळं सिल्वासा पालथं घातलं.

रात्री साडेदहाला शेजारच्या वहिनींकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंचा फोन आला. अण्णा त्यांच्या फळियात होते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच तो फळिया आहे. मला तिथे जायचा रस्ता माहीत नव्हता. मोठ्या रस्त्याने वळसा घेऊन, दोनदा विचारत पोचलो. रस्ते मोजणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, हे लक्षात घ्या.

अण्णा एका कोकणा कुटुंबाच्या ओट्यावर मजेत बसले होते. कोरा चहा झाला होता, नागलीची भाकर झाली होती. घरातल्या म्हाताऱ्या बाबांशी गप्पा रंगल्या होत्या त्या वाघबारशीच्या. आमच्या गावच्या शिवेवर वाघदेवाचा दगड आहे. त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडेही होता. आमच्या गावच्या पाड्यांवर जी बोली कानावर पडायची, तिच्या जवळचंच काहीतरी अण्णांना तिथे ऐकू आलं होतं. आमच्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांत ते एवढे बोलले नव्हते.

निघताना बाबा म्हणाले, ‘पोराला पाठवलं होतं तुमच्या गेटवर. आत सोडलं नाही.’ चौकशी केली. खरं होतं. साडेसातला एक मुलगा येऊन विचारून गेला होता की, एक आजा आमच्याकडे बसलाय, तुमच्यातला कुणी आहे का? वॉचमन नवा. संध्याकाळी सातनंतर अनोळखी माणसाला गेटावर उभं करायचं नाही, असा नियम. त्याने मुलाला घालवून दिलं. मी त्याला बोलणार होतो, पण गप्प बसलो. कारण तो नियम सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच मांडला होता.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. फळियातून मोठ्या रस्त्याला जायची पायवाट पूर्वी आमच्या प्लॉटमधूनच जायची. आमची भिंत झाली आणि वाट बंद पडली. बाबांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पूर्वी पाऊस जास्त पडायचा, असं सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी मी अण्णांना घेऊन चालायला लागलो. गाडी घ्यायची नाही, एवढाच नियम. आपण आमली, टोकरखाडा, पिपरिया, समरवरणी ही नावं रिक्षावाल्याला सांगण्यापुरती वापरतो. चालत गेलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी दिसते. झंडा चौकाजवळच्या जुन्या वस्तीत चर्च आहे आणि पोर्तुगीज काळ आठवणारी जुनी घराणी आहेत. पिपरियात सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि इथल्या कारखानदारीची सुरुवात तिथलीच. खानवेलच्या रस्त्याला मसाट, राखोलीकडे गेलात तर चाळीच चाळी. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली मुलं एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा आडवा होतो. आपल्या अंगावरच्या कपड्यातलं पॉलिस्टर सूत त्यांच्या हातून गेलेलं असायची बरीच शक्यता आहे. आणि या सगळ्यांच्या मधेमधे, इमारतींच्या पाठीमागे, फळिये. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी. ते आपल्या आधीपासून इथे आहेत आणि आता आपल्याला दिसेनासे झाले आहेत.

आकडे सांगतो, सरकारी माणसाला त्याशिवाय चैन पडत नाही. २००१ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या होती २,२०,४९०. २०११ मध्ये ती झाली ३,४३,७०९. आदिवासींचं प्रमाण त्याच दहा वर्षांत सुमारे ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आलं. ते कुठे गेले नाहीत. आपण आलो.

आपण मराठी माणसं इथला इतिहास अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पेशवाईने १७७९ च्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि १९५४ मध्ये मराठी तरुणांनी तो सोडवायला जिवाची बाजी लावली. २२ जुलैला दादरा, २ ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण त्या लढ्यात कम्युनिस्टांबरोबर वारलीही उतरले होते. त्यांच्यातलं एक तरी नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? मला येत नाही. पुढे १९६१ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सात वर्षं हा प्रदेश स्वतःचा कारभार स्वतः करत होता. त्या काळात ज्यांच्या घरी चूल पेटत होती, त्यांची नातवंडं आपल्या भिंतीपलीकडे राहतात.

मध्यंतरी मी उत्साहाने फळियात सांगायला गेलो की, मिरवणुकीला तारपा घेऊन या, मंडळ मानधन देईल. बाबा हसले. म्हणाले, ‘नाचायला सगळे बोलवतात. जेवायला बोलवा एकदा.’ मला पटकन उत्तर सुचलं नाही.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी फळियातली चौदा माणसं आली होती. बाबा काठी टेकत, मोठ्या रस्त्याने वळसा घालून आले. गेटावर त्यांना कुणी अडवलं नाही, कारण वॉचमन आता त्यांना नावाने ओळखतो. अण्णा फ्लॅटमध्ये फार दिवस राहिले नाहीत. पण सिल्वासात ते राहिले असं मी म्हणेन. माझ्यापेक्षा जास्त.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, पुढच्या वर्षीच्या महाप्रसादाला आसपासच्या फळियांत आणि चाळींत जाऊन, घरोघरी, आपल्या घरच्या कार्याला देतो तसं आमंत्रण द्यायचं. वर्गणी मागायची नाही. दुसरी, २ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मंडळाची मुलं आणि आजी-आजोबा मिळून एका वस्तीत पायी फिरायला जायचं, दर वर्षी नवी वस्ती. घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून १९५४ च्या गोष्टी आणि नावं विचारून लिहून आणायची आणि याच स्मरणिकेत छापायची. ती सांगणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.

तिसरी गोष्ट आमच्या सोसायटीपुरती आहे, पण आमचे बरेच सभासद समोरच बसले आहेत, म्हणून संधी साधतो. मागच्या भिंतीत एक छोटं दार ठेवावं, असा अर्ज मी दिला आहे. मीटिंगमध्ये तो दोनदा पुढे ढकलला गेला. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणतात. नियम मांडताना मीही हेच म्हणालो होतो, त्यामुळे रागावत नाही. तीन फुटांचं दार पुरेल. खर्चाचा अंदाज मी काढून दिला आहे, मजुरीसकट.

परवा आपण विसर्जनाला दमणगंगेवर जाऊ. मी रोज अथालच्या पुलावरून ती ओलांडतो. ही नदी आमच्या दिंडोरी तालुक्यात, अंबेगावजवळ सह्याद्रीत उगम पावते, आणि इथे कुणाच्या अंगणातून जायचं याची परवानगी न विचारता समुद्राला मिळते. आपण तर विचारून, ओळख करून घेऊन जाऊ शकतो.

तुमचा वेळ घेतला. मुलं कधीची ताटकळली आहेत, प्रसाद वाटायला हरकत नाही.

गणपती बाप्पा मोरया!